टायरवरून गळालेला आकडा

सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक आजही 'अठ्ठावीस दीड' मागते आणि दुकानदार पुढे एकही प्रश्न न विचारता टायर खाली काढतो. २८ × १½ या नावातला पहिला आकडा म्हणजे हवा भरलेल्या चाकाचा बाहेरून बाहेरपर्यंतचा व्यास, इंचांत. दुसरा म्हणजे टायरची जाडी. रिमचे माप नावात नाही. हवे तर वजाबाकी करून काढावे. मोटारीच्या टायरवर नेमके याच्या उलट आहे. एखाद्या छोट्या एसयूव्हीच्या टायरवर २१५/६० आर १६ असे लिहिलेले असते. त्यात रुंदी मिलिमीटरमध्ये आहे, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकड्यात आहे, रिम इंचांत आहे. चाक एकूण केवढे, हे मात्र कुठेच नाही. वेगमापक, किलोमीटरची नोंद, गिअरचे गुणोत्तर, गाडीची जमिनीपासूनची उंची हे सारे ज्या एका आकड्यावर अवलंबून, तोच नेमका गळालेला आहे. टायर बदलायला निघालेल्या माणसाला आधी तोच लागतो.

तो पूर्वी होता. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली तेव्हा तिचे पुढचे टायर ३० × ३ आणि मागचे ३० × ३½ होते. मागे वजन जास्त, म्हणून टायर जाड. पण चारही चाके बाहेरून तीस इंचीच. त्यासाठी पुढची रिम २४ इंची आणि मागची २३ इंची ठेवली होती. रिम बदलली तरी चालेल, चाक बदलता कामा नये, असा तो विचार. युरोपातही ८१५ × १०५ अशी मापे मिलिमीटरमध्ये चालत, आणि त्यातही पहिला आकडा बाहेरचा व्यासच. मॉडेल टीच्या ३० × ३½ च्या रिमवर ३१ × ४ हा जाड टायर बसत असे. 'ओव्हरसाइज' टायर घालण्याची आजची हौस शंभर वर्षांची जुनी आहे, एवढेच यातून दिसते. फरक इतकाच, की तेव्हाच्या गिऱ्हाइकाला टायरच्या नावातच कळे, की चाक इंचभर मोठे होणार आणि गाडी अर्धा इंच उचलली जाणार.

हा आकडा गळाला तो १९२०च्या दशकात, बलून टायरमुळे. अमेरिकेत फायरस्टोनने १९२३च्या सुमारास कमी हवेचे, फुगीर टायर आणले. खडबडीत रस्त्यावर ते फार सुखाचे ठरले. सुरुवातीला त्यांचीही मापे जुन्या पद्धतीने २९ × ४.४० अशी लिहिली जात. लवकरच ती ४.४०-२१ अशी झाली. आधी रुंदी, मग रिम. माझ्या मते यात दुकानदाराची सोय होती, कारण त्याला टायर रिमवर बसतो की नाही एवढेच पाहायचे असे. शिवाय त्या काळी टायरची भिंत साधारण रुंदीइतकीच उंच असे, त्यामुळे हिशेब तोंडी होई. आपल्याकडच्या जीपचा ६.०० - १६ घ्या: सोळात सहा दोनदा मिळवले की अठ्ठावीस इंच. अॅम्बेसेडरचा ५.९०-१५, प्रीमियर पद्मिनीचा ५.२०-१४ हे त्याच घराण्यातले. रद्दीतून जमवलेल्या त्या काळच्या मालक-पुस्तिकांत चाकाचा व्यास वेगळा दिलेला सहसा आढळत नाही. गरजच वाटली नसावी.

गरज निर्माण केली रेडियलने. मिशलँ कंपनीच्या छापखान्यात कामाला लागलेला मारियस मिन्योल पुढे संशोधन विभागात गेला. टायरची भिंत कशाने तापते हे शोधण्यासाठी त्याने एक विचित्र टायर बनवला. त्याच्या बाजूंत एकमेकांवर तिरपे चढवलेले दोऱ्यांचे थर नव्हते. विरळ पोलादी तारा काटकोनात, या काठापासून त्या काठापर्यंत जात होत्या. कारखान्यात त्याला 'माशांचा पिंजरा' म्हणत. १९४६मध्ये पेटंट झाले आणि १९४९मध्ये 'एक्स' या नावाने टायर विक्रीला आला. सित्रोएन कंपनी तेव्हा मिशलँच्याच ताब्यात होती, त्यामुळे नवा टायर लावायला गाड्या घरच्याच होत्या. भारतात जेके टायरने १९७७मध्ये रेडियल आणला. ट्रकवाल्यांच्या बोलीत जुना तिरप्या दोऱ्यांचा तो 'नायलॉन' आणि नवा तो 'रेडियल' अशी वाटणी झाली.

पहिल्या रेडियलची भिंत रुंदीच्या सुमारे ८२ टक्के उंच असे. ती सगळीकडे तेवढीच असल्याने टायरवर लिहीत नसत. मग स्पर्धेच्या गाड्यांसाठी भिंती बुटक्या होत गेल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पिरेल्लीचा पी-७ हा निम्म्या उंचीचा टायर पोर्शच्या ९११ टर्बोवर आला आणि धावपट्टीची चाल शहरात शिरली. आता टक्केवारी लिहिणे भाग पडले. मारुती ८०० च्या १४५/७० आर १२ मधला सत्तर हा असा आलेला आकडा. बाहेरचा व्यास परत लिहिण्याऐवजी तो काढण्याचे गणित टायरवर लिहिले गेले, आणि तेही तीन वेगळ्या परिमाणांत.

मिलिमीटर आणि इंच एकाच ओळीत कसे नांदतात, हे कोडे अनेकांना पडते. फ्रेंचांना ते मान्य नव्हते. पहिले 'एक्स' टायर १६५ × ४०० असे होते, रिमही मिलिमीटरची. सित्रोएन डीएसला १९५५ साली तीच रिम होती. पण बाकीच्या जगाच्या रिम इंचांच्या, म्हणून डीएससुद्धा साठच्या दशकात पंधरा इंचांवर आली. मिशलँने १९७५मध्ये पुन्हा प्रयत्न केला. टीआरएक्स टायरची रिम ३९० मिलिमीटरची, म्हणजे साडेपंधरा इंचांहूनही किंचित कमी, आणि तिचा काठही वेगळ्या आकाराचा होता. नेहमीचा इंची टायर तिच्यावर बसूच शकत नसे. बीएमडब्ल्यू, साब, फोर्ड मस्टँग अशा गाड्यांनी ती घेतली. टायर उत्तम होता, पण दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली की मालक एकाच प्रकारच्या टायरला बांधला जाई. आज त्या गाड्यांचे हौशी मालक एकतर महाग, दुर्मीळ टायर शोधतात किंवा चारही रिम बदलतात.

तिसरा प्रयत्न मला सर्वांत चटका लावणारा वाटतो. हवा गेली तरी चालणाऱ्या पॅक्स या टायरवर मिशलँने २३५-७१० आर ४६० असे माप लिहिले. रुंदी २३५, रिम ४६०, आणि मधला ७१० म्हणजे चाकाचा बाहेरचा व्यास! ऐंशी वर्षांनी तो आकडा टायरवर परतला. होंडाच्या अमेरिकी ओडिसीवर हे टायर २००५च्या मॉडेलपासून होते. पण पुन्हा खास रिम, खास यंत्रे, मोजकी दुकाने. २००७मध्ये कंपनीने पुढचे काम थांबवत असल्याचे सांगितले.

तेव्हा बेरीज आपल्यालाच करायची आहे. २१५/६० आर १६ घ्या. २१५चे साठ टक्के १२९. वर-खाली मिळून २५८. सोळा इंच म्हणजे ४०६.४, चाक ६६४.४ मिलिमीटरचे. टायरवाला म्हणतो, "साहेब, सतराची अलॉय टाका, २२५/५५ बसतो." बसतो खरा; पण चाक ६७९.३चे होते, सव्वादोन टक्के मोठे. जुना मीटर अचूक धरला, तर तो शंभर दाखवेल तेव्हा गाडी १०२वर असेल. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये हा सर्वत्र मानलेला दंडक, आणि मोठे चाक त्याच्याच विरुद्ध ढकलते. त्यापेक्षा २१५/५५ आर १७ बरा: ६६८.३, फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

मग अठराची रिम आणि २२५/४५? व्यास ६५९.७, म्हणजे जुन्याच्या अगदी जवळ. दुकानातला तक्ता इथे समाधानाने मान डोलावतो. पण भिंत १२९वरून १०१वर आली. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये जी रबराची उशी असते, तिच्यातून अठ्ठावीस मिलिमीटर गेले. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर हा सौदा मला तरी कळत नाही. सोळा इंचांवर राहणे यात काही कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आणि तितकीच दुर्लक्षित. मापाच्या शेजारी ९५ एच असे काही असते. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. ती कोणी गाठत नाही. ९५ हा मात्र भाराचा संकेत आहे: एका टायरवर ६९० किलो. २१५/५५ आर १७ बहुधा ९४चा मिळतो, म्हणजे ६७० किलो. साधा २२५/४५ आर १८ हा ९१चा: ६१५ किलो. चार चाकांवर तीनशे किलोंची घट! सुट्टीत पाच माणसे आणि सामान भरून घाट चढणाऱ्या गाडीतून ही ताकद काढून घेतली जाते, आणि बिलावर तिचा उल्लेखही नसतो. त्याच मापाचा 'एक्सएल' टायर ९५चा मिळतो, पण तेवढा भार पेलायला त्यात हवाही जास्त भरावी लागते. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यातला जुना दाब त्याला पुरत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठणकावून सांगितले. तेव्हा सुरक्षित वाट म्हणजे त्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला कारखान्याने दिलेले माप, आणि भाराचा आकडा मूळचा किंवा त्याहून वरचा.

राहिली स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी पंक्चर चाकाच्या बाजूला अडकवायची आऱ्यांविना रिम काढली. मूळच्या चाकाशेजारी तीच जमिनीला टेकायची, म्हणून तिचा बाहेरचा व्यास जुळणे भागच होते. इंग्रजांनी हा शब्द केव्हाच टाकला, आपण ठेवला. आज अनेक छोट्या एसयूव्हींत २१५/६०च्या जोडीला १९५/६०ची स्टेपनी असते. चाक चोवीस मिलिमीटरनी लहान, म्हणूनच ते जपून, बेताच्या वेगात, टायरच्या दुकानापर्यंत जाण्यापुरते. जुलै २०२०मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या मोटारींना स्टेपनीची सक्ती तेव्हापासून उरलेली नाही.