टिकलेला मजकूर, हरवलेली लिपी

२००६ साली वळसंगला आम्ही आमचा जुना, वारंवार बंद पडणारा संगणक पूर्ण पुसून त्यावर विंडोज एक्सपी घातली. लेखन आधीच सीडीवर उतरवले होते. यंत्र सुरळीत चालू लागले. मात्र मराठी टिपणे उघडताच रोमन चिन्हांचा निरर्थक गुंता समोर आला.

याचे कारण इतिहासात आहे. जुन्या फाँटांनी देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसवली होती. संगणकाला ‘क’ ठाऊक नव्हता. तो फक्त त्याचा आकार दाखवत असे. देवनागरीला स्वतंत्र संकेत देणारे इस्की हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ची. तरीही मराठी टंकन व छपाई पुढे कित्येक वर्षे अशा फाँटांवरच विसंबून राहिली.

आम्हाला एका मुद्रकाकडे तो फाँट मिळाला, म्हणून टिपणे वाचली आणि युनिकोडमध्ये आणता आली. मोडी दफ्तरांची आठवण अशा वेळी होतेच. तिथेही कागद उरले आणि वाचणारे विरळ झाले. परंतु मोडी आजही शिकता येते. हरवलेला फाँट कोणाकडून शिकणार?