निकालाविना राहिलेली कुस्ती

१९५४ सालच्या मे महिन्यातील गोष्ट आहे. बडोदे शहरात भित्तिपत्रकांवर आणि गाड्यांवरील फलकांवर एकाच कुस्तीची जाहिरात झळकत होती. 'जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन,' असे आव्हान हमीदाबानू या स्त्री मल्लाने त्याच वर्षी दिले होते. पतियाळा आणि कलकत्ता येथील दोन मल्ल तोवर पराभूत झाले होते. बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेल्या छोटा गामाने ऐन वेळी माघार घेतली, तेव्हा बाबा पहिलवान मातीत उतरले. अवघ्या एक मिनिट चौतीस सेकंदांत ते चितपट झाले.

हमीदाबानू मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. सलाम पहिलवान या वस्तादांच्या हाताखाली शिकण्यासाठी त्या अलीगढला गेल्या. ग्रीक पुराणांतील लढवय्या स्त्रियांवरून वृत्तपत्रांनी त्यांना 'अलीगढची अमेझॉन' म्हटले. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. त्यांचा खुराक हाही बातमीचा विषय होता: दिवसाला साडेपाच लिटरांहून अधिक दूध, सुमारे किलोभर मटण, एक कोंबडी, सहा अंडी, अर्धा किलो लोणी, शिवाय बदाम आणि बिर्याणी. नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत, असा त्यांचा दिनक्रम छापून येई. आपण तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्या, असा त्यांचा दावा होता.

हे सारे वाचताना मनात एक शंका उभी राहते, आणि ती त्या काळच्या लोकांच्याही मनात होती. या कुस्त्या निकाली होत्या की नुरा? कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. शाहू महाराजांनी १९१२ साली जेथे खासबाग मैदान उभारले, तेथील प्रेक्षकाला डाव आणि देखावा यांतील फरक शिकवावा लागत नाही. त्याच कोल्हापुरात हमीदाबानूंनी शोभासिंग पंजाबी यांना पाडले, तेव्हा लोकांनी हुर्यो केली, दगड मारले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाच्या हरकतीमुळे रद्द झाली. हमीदाबानूंनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदी स्त्री म्हणून घातलेली नाही, ठेकेदार त्यांच्यासमोर बनावट मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत, असे उत्तर त्यांना मिळाले.

हे उत्तर वरवर न्याय्य वाटते. परंतु सोने खोटे असल्याचा संशय आला, तर ते कसोटीवर घासून पाहतात. कसोटीच उचलून ठेवीत नाहीत. ज्या संस्थेला शंका होती, तिने आपला पंच नेमून, आपल्या तालमीतील मल्ल देऊन ती कुस्ती भर मैदानात लावावयास हवी होती. मग जो निकाल लागता तो सर्वांना मान्य करावा लागला असता. तसे झाले नाही. म्हणून त्यांच्या विजयांवरचा संशय कधी सिद्ध झाला नाही आणि कधी फिटलाही नाही.

१९५४ मध्येच मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्तिलिन यांना त्यांनी एका मिनिटाच्या आत हरविले. नंतर युरोपात जाऊन लढण्याचा बेत जाहीर झाला आणि तेथेच त्यांचे नाव वृत्तपत्रांतून नाहीसे झाले. युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानांनी मारून त्यांचे हात मोडले, असे त्यांच्या नातवाने पुढे बातमीदारांना सांगितले. उरलेले आयुष्य मुंबईजवळ कल्याण येथे गेले. दुधाचा धंदा आणि घरी केलेले खाद्यपदार्थ विकणे, यांवर त्यांचा चरितार्थ चाले. १९८६ साली त्या निवर्तल्या.

स्त्रियांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा भरली ती त्यानंतर एका वर्षाने, १९८७ साली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती आली २००४ साली, अथेन्स येथे. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाट यांनी सुवर्णपदक मिळविले आणि २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक यांनी ५८ किलो गटात कांस्यपदक जिंकले. या मुलींच्या विजयाला कोणी नुरा म्हणाले नाही. त्यांच्या अंगी बळ होतेच; पण त्यांच्यासमोर तोलामोलाची जोड होती, वजनाचे गट होते, पंच होते आणि गुणांचा हिशेब होता.

हमीदाबानूंपाशी बळ होते, धाडस होते आणि प्रेक्षकही होते. नव्हता तो फक्त पंच. शाळेत एखादे मूल अनपेक्षित गुण मिळविते, तेव्हा 'नक्कल केली असेल' असे म्हणण्याचा मोह शिक्षकालाही होतो. अशा वेळी त्याला समोर बसवून पुन्हा प्रश्न विचारावा, एवढाच न्याय आहे. हमीदाबानूंना तेवढाही मिळाला नाही.