लोणंदवरून गेलेले तंबोरे

मिरजेहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीत अधूनमधून कुणीतरी गवसणीतला तंबोरा सांभाळत बसलेलं दिसतं. भोपळा मांडीवर, दांडी खिडकीला टेकवलेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘जरा जपून हं’ चालूच. लोणंदला गर्दी आत घुसते तेव्हा त्या माणसाचा सगळा जीव भोपळ्यात गोळा होतो. माझं लोणंदला स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. आवाजावरच पोट चालतं, म्हणून या लोहमार्गावरून गेलेल्या आवाजाचा माग काढावासा वाटतो.

मिरजेतली सतारी-तंबोऱ्याची घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रं घडवणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे. पण तंबोऱ्याचा प्राण भोपळ्यात नसतो, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर असतो. घोडीचा माथा कानसून इतका हलका उतार देतात की छेडलेली तार त्याला पुन्हापुन्हा चाटत राहते. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. धागा केसभर मागे-पुढे झाला की कोरडी तार एकदम उजळते, एका स्वरातून अनेक स्वर बाहेर पडतात. ही जवारी. मी ती लावताना शेजारी बसून पाहिली आहे. कारागीर बोटांनी काम करतो खरा, पण सगळं लक्ष कानात.

आता गंमत अशी की हा झंकार सुरुवातीच्या तबकड्यांत जवळजवळ नाहीच. १९०२ च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात यंत्र घेऊन आला आणि गायिका गौहरजानचं गाणं मेणावर कोरलं गेलं. तबकड्या छापल्या जायच्या दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या लोकांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून गौहरजान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. १९०५ च्या आसपास अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. समोर एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, आणि जेमतेम तीन मिनिटांत राग आटोपायचा. जोरकस आणि जवळचं तेवढंच त्या सुईला कळे. मागे हळुवार झंकारणारा तंबोरा तिच्या गावीही नसे.

खाँसाहेब कैरान्याचे, पण मिरजेचेच झाले. प्लेगातून ते मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या कृपेने वाचले, असं मिरजेत आजही सांगतात. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय चालवलं. पुणे आणि मिरज यांच्यामध्ये, त्याच रुळांवर, आमचं लोणंद. १९२५ नंतर मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण होऊ लागलं आणि खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या त्या नव्या पद्धतीच्या. त्यांतली झिंझोटीतली ठुमरी ऐका. आवाज ताणलेला नाही, आरडाओरडा नाही, स्वर जणू मागच्या झंकारातूनच उगवतो. माझ्या मते खाँसाहेबांची खरी पहिली तबकडी ही. आधीच्या तबकड्यांत त्यांचा गळा सापडतो, गाणं नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासजवळच्या सिंगपेरुमलकोविल स्टेशनावर ते गेले. देह मिरजेला आणला, दर्ग्याच्या आवारात दफन केला.

हे सगळं मला नव्याने ऐकायला लावलं ते माझ्या भाच्याने. तो पुण्यात गिटार वाजवतो. एकदा म्हणाला, ‘मामा, गाणाऱ्याचे शब्द कळले नाहीत तर चिडू नका, नुसतं ऐका.’ आणि त्याने स्लोडाइव्ह या इंग्रज बँडचा ‘जस्ट फॉर अ डे’ लावला. १९९१ चा, त्यांचा पहिला अल्बम. रेडिंग गावची विशीतली पोरं. तीन गिटारी, आणि प्रत्येकीचा आवाज पायाशी ठेवलेल्या पेडलांतून जाऊन पसरलेला, लांबलेला, एकमेकांत मिसळलेला. नील हॅलस्टेड आणि रेचेल गोस्वेल गातात, पण गळे मुद्दाम मागे ठेवलेले. ही मंडळी रंगमंचावर पेडलांकडे बघत खाली मान घालून वाजवायची, म्हणून तिकडच्या पत्रकारांनी या संगीताला ‘शूगेझ’ म्हणून हिणवलं. याच वाटेवरचा माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा पहिला अल्बम १९८८ चा. स्लोडाइव्हला टीकाकारांनी झोडपलं, १९९५ साली कंपनीनेही सोडून दिलं. २०१४ मध्ये ते परत उभे राहिले तेव्हा ऐकायला नवी पिढी लोटली.

मला त्यांचं संगीत पहिल्या गाण्यालाच ओळखीचं वाटलं. कर्ण्याच्या सुईने जे टाकून दिलं होतं, त्याचाच या पोरांनी अख्खा अल्बम केला होता. आणि लोणंदच्या माणसाला हा आवाज परका वाटायचं कारणच नाही. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि आमच्याकडे मुक्कामाला येते. दिंड्यांसह निघणाऱ्या या सोहळ्याला शिस्त लावली ती हैबतबाबांनी, तेही आमच्याच जिल्ह्यातल्या आरफळचे. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की एका दिंडीचा अभंग संपायच्या आत पुढच्या दिंडीचे टाळ त्यावर चढतात, तिसरीचा मृदंग खालून येतो, विणेकऱ्यांच्या तारा मधूनच लकाकतात. शब्द हरवतात. तरी कुणी तक्रार करत नाही, हात आपोआप जोडले जातात. आमच्या धंद्यात ‘आवाज स्वच्छ पाहिजे’ हे गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य. तासन्‌तास ते निभावल्यावर मला या गर्दीतल्या आवाजाची ओढ फार वाटते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मनापासून आनंद झाला. पण रियाजाला घरोघरी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बसला आहे. त्या पेट्या दुरुस्तीला माझ्याकडे येतात, मी त्या नीट करूनही देतो. सोयीची वस्तू आहे. पण तिच्यातली जवारी कधी हलत नाही. खऱ्या तंबोऱ्याची हवामानाबरोबर, हाताबरोबर, तासागणिक बदलते.

भाच्याच्या बँडचा पहिला अल्बम आता मुद्रित होतोय. गिटारींच्या खाली मिरजेचा तंबोरा घ्यायचं त्यांनी ठरवलंय आणि माईक कुठे ठेवायचा म्हणून मला विचारलं. मी सांगितलं: भोपळ्यासमोर नको, नुसता घुमारा येईल. घोडीपासून हातभर लांब, थोडा वरून, तारांच्या दिशेने तिरका. आणि टेक सुरू करायच्या आधी तंबोरा अर्धा तास नुसता छेडत ठेवा. तारा बसतील, मग धागा पुन्हा एकदा सरकवून जवारी बघा.