कात्री आधी, कॅमेरा नंतर

पांढुर्ण्यात किंवा सौंसरमध्ये 'शहराची स्कायलाइन' असं कुणी म्हटलं, तर ऐकणारा हसेल आणि मोबाइल टॉवरकडे बोट दाखवेल. मुंबईसारखी इमारतींची रांग इथे नाही. तरी संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, पाण्याची टाकी, टॉवर, मध्येच एखादं निंबाचं झाड अशी काळी रेघ आकाशावर उमटतेच. तिचा फोटो निघतो आणि स्टेटसवर चढतो. मागे तांबडं आकाश, पुढे काळं गाव. अशा फोटोला फोटोवाले 'सिल्हुट' म्हणतात. त्याचं कूळ शोधत मागे गेलं, तर कॅमेरा बराच अलीकडे सापडतो. त्याच्या आधी लागते ती कात्री.

नाव आलं एका अर्थमंत्र्याकडून. एत्येन द सिल्हुएत हा १७५९ साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईचा अर्थमंत्री झाला. युद्धाने खजिना रिकामा झाला होता, म्हणून त्याने बड्या लोकांवर कर बसवायचं ठरवलं. मार्चमध्ये आलेला हा गृहस्थ नोव्हेंबरमध्ये घरी गेला. बड्यांवर कर बसवणाऱ्याचं बहुधा असंच होतं. पुढे पॅरिसमध्ये जे जे स्वस्तातलं, काटकसरीचं, त्याला त्याचं नाव चिकटलं. तैलचित्र परवडत नसे त्यांच्यासाठी त्या काळी एक सोपी सोय होती. माणसाला मेणबत्तीपुढे आडवं बसवायचं, भिंतीवरच्या कागदावर पडलेली सावली गिरवायची, ती लहान करायची आणि काळ्या कागदातून कापून काढायची. या कापचित्रांनाही तेच नाव पडलं.

यात माणूस नेहमी आडवाच बसे. समोरून पडलेली सावली म्हणजे नुसता लंबगोल, त्यात नाक नाही की हनुवटी नाही. आतला सगळा तपशील गेला की ओळख फक्त कडेवर उरते, म्हणून कड बोलकी हवी. आजच्या फोटोतही हाच नियम चालतो आणि तो कॅमेऱ्याच्या जन्माआधीचा आहे.

आपल्याकडे तर हे ज्ञान कागदाऐवजी चामड्यात होतं. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्या कापून, रंगवून, पडद्यामागच्या दिव्यासमोर रामायण उभं करतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पडद्यावर पात्र उभं राहिलं की प्रेक्षक ते आकारावरून ओळखतो. दोन बाहुल्या एकमेकींवर आल्या की मात्र पडद्यावर नुसता डाग दिसतो.

१८३९ साली फोटोग्राफी जगासमोर आली आणि मुंबईने फार वाट पाहिली नाही. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. मात्र तेव्हाच्या ओल्या कोलोडियनच्या काचांना एक खोड होती. निळा प्रकाश त्या अधाशासारखा घेत आणि लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे इमारत नीट यावी म्हणून थांबलं की आकाश पांढरंफटक होई, आणि आकाशासाठी घाई केली की जमीन काळीठिक्कर. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढताना यावर तोड काढली. आकाशाची एक काच, पाण्याची दुसरी, आणि दोन्हींचा सांधा क्षितिजावर. म्हणजे पुन्हा कापाकापीच.

सूर्यास्ताच्या तांबड्या आकाशापुढचं काळं शहर हे चित्र आपल्याला सनातन वाटतं, पण फोटोत ते बरंच उशिरा आलं. १८७३ मध्ये जर्मनीच्या फोगेलने काचेच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा रंग दाखवला. लालसकट सगळे रंग पकडणाऱ्या काचा बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. कोडाक्रोमची रंगीत फिल्म तर १९३५ ची. त्याआधी तांबडी संध्याकाळ बहुतेकांना दिसायची ती चित्रकाराच्या कॅनव्हासवर.

क्रॉपिंगचं वेगळंच आहे. काच मोठी आणि छाप तेवढाच, तोवर कडा छाटायचं कारण फारसं नव्हतं. १९२५ मध्ये लायका कॅमेरा आला, निगेटिव्ह बोटभर झाली, आणि प्रत्येक फोटो एन्लार्जरखाली मोठा करणं भाग पडलं. मोठं करताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे डार्करूममध्ये ठरू लागलं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फोटो न कापण्याच्या आग्रहासाठी प्रसिद्ध, पण त्याचा सगळ्यात गाजलेला १९३२ चा फोटो कापलेलाच आहे. पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाची काळी आकृती, तोच. कुंपणाच्या फटीतून तो टिपताना एका बाजूला फळी आडवी आली होती. ती उडवली आणि फोटो जगभर गेला. क्रॉप करणं म्हणजे लबाडी असं मानणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

आता आपल्या गावाकडे येऊ. आजच्या फोनची अडचण कोलोडियनच्या नेमकी उलटी आहे. त्याला सगळंच दिसतं. ल ग्रेने दोन काचांवर केलं ते फोन एचडीआरच्या नावाखाली आपणहून करतो आणि काळ्या भागात उजेड भरतो. मग टाकीवरचा गंजही दिसतो आणि आकृती मरते. म्हणून एचडीआर बंद करावा, आकाशावर बोट टेकवून उजेड खाली ओढावा. सूर्य बुडाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं यासाठी उत्तम. जागा मात्र पायांनी शोधायची. कळस आणि टाकी एकमेकांना चिकटलेले दिसत असतील तर चार पावलं डावीकडे सरका, दोघांच्या मध्ये आकाशाची चीर येऊ द्या. पिंगुळीचे कलावंत बाहुल्या वेगळ्या ठेवतात तसंच.

कापताना आधी खालचा काळा पट्टा उडवावा. त्यात काहीच नसतं आणि तो फोटो जड करतो. वर आकाश उदारपणे ठेवावं, पण कळसाचं टोक कडेला टेकू देऊ नये. छोट्या गावाच्या ठेंगण्या रेघेला आडवी, लांबट चौकट शोभते. बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. त्यातून ४००० बाय १३०० ची पट्टी काढली तरी तेरा इंच रुंद छपाई सुबक येते. विजेच्या तारा मला स्वतःला चालतात. आपल्या गावांची रेघ तारांशिवाय खरी वाटत नाही.

एका ठिकाणी मात्र हे तंत्र वापरू नये असं माझं मत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव दोन काठांवरून गोटमार करतात, म्हणजे एकमेकांवर दगड फेकतात. उगारलेले हात, मध्ये झेंडा, मागे आभाळ. आकृती म्हणून याहून बोलकं काही मिळणार नाही. पण काळ्या आकृतीत रक्त दिसत नाही, फुटलेलं डोकं दिसत नाही, आणि कडेला उभी असलेली अॅम्ब्युलन्स क्रॉपमध्ये सहज निघून जाते. गोटमारीत माणसं जखमी होतात, मेलीही आहेत. तिथला फोटो उजेडात काढावा आणि पुरा ठेवावा.

बाकी वर्षभर ही रेघ आपलीच आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा म्हटला की फ्लेक्स आले, आणि फ्लेक्सच्या तळाला शहराची काळी पट्टी लावायची हौस आली. बनवणारा बहुतेक वेळा तयार चित्र उचलतो, ज्यात परदेशातल्या गगनचुंबी इमारती असतात. पुढचा फ्लेक्स टाकायला द्याल तेव्हा एक संध्याकाळ खर्च करा, गावाबाहेर जाऊन आपल्या कळसाची, मिनाराची, टाकीची रेघ टिपा, नीट कापा आणि तीच छापायला द्या.