अश्रूंच्या घरचे हसू

भिवंडीहून कल्याणला जायचे म्हणजे कोन गाव ओलांडून खाडीवरच्या पुलावर यावे लागते. समोर दुर्गाडीचा किल्ला दिसतो आणि मागे मागांची खडखड हळूहळू विरत जाते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये ही दोन्ही ठाणी घेतली, तेव्हापासून इतिहासात त्यांची नावे जोडीनेच येतात, कल्याण-भिवंडी. आम्हा भिवंडीकरांना त्याचा अभिमान आहे. थोडा रागही आहे, कारण मोठी माणसे निघाली की ती बहुधा खाडीच्या पलीकडची निघतात! डॉक्टर आनंदीबाई जोशी कल्याणच्या. आणि ज्यांच्याविषयी आज लिहावयाचे आहे, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे बालपणही कल्याणातच गेले.

टिळक म्हटले की आपल्यापुढे लोकमान्यांची पगडी उभी राहते. हे टिळक दुसरे. वयाने लोकमान्यांहून पाच वर्षांनी लहान, त्यांच्यासारखेच कोकणातले चित्पावन, आणि हट्टाच्या बाबतीत त्यांच्याहून तसूभरही कमी नव्हेत. शाळेत ज्यांनी ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता वाचली आहे, त्यांना कवी टिळक ठाऊक आहेत. परंतु आमच्या घरात त्यांची ओळख झाली ती कवितेतून नव्हे, त्यांच्या पत्नीच्या तोंडून. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ माझी आत्या दर दिवाळीला, फराळाची भांडी घासून झाली की, दुपारी मोठ्याने वाचीत असे. ऐकणाऱ्या बायका हसून हसून बेजार होत. मी लहान असताना एकदा तिला विचारले, “आत्या, गोष्ट तर रडायची आहे, मग तुम्ही सगळ्या हसता कशाला?” ती म्हणाली, “अरे, जिच्यावर बेतलं तीच हसतेय, तर आम्ही कोण रडणाऱ्या!”

हे उत्तर माझ्या डोक्यात घर करून राहिले. जिच्यावर बेतले ती हसली कशी, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत, मोखाड्यासारख्या आडगावी असत. स्वभाव करडा. आई जानकीबाई मात्र मोठी भाविक आणि कवितेची नादी. ती माउली मुलाच्या लहानपणीच गेली आणि घर तुटले. नारायण नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेल्यांनी त्याला पदराशी घेऊन संस्कृत शिकविले. पोरक्या मुलाला ज्ञान मिळाले, पण घर म्हणून जे असते ते काही मिळाले नाही. पुढे जन्मभर हा मनुष्य एका जागी टिकला नाही, त्याचे मूळ इथेच असावे असे मला वाटते.

लक्ष्मीबाईंचे बालपण आणखी निराळे. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धक्क्यातून घरात जे वारे शिरले ते सोवळ्याचे. वडिलांच्या मनाने शिवाशिवीची अशी धास्ती घेतली की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येईना. माणसे उपाशी राहिली तरी चालतील, विटाळ होता कामा नये! वाचक हसतील, लक्ष्मीबाईंनी लिहिलेच आहे तसे. पण त्या हसण्याखाली भुकेली, भेदरलेली लहान मुलगी बसली आहे, हे विसरता येत नाही.

१८८० मध्ये लग्न झाले. वधू बारा वर्षांच्या आतबाहेर, वर अठराचा. संसार कसला, बिऱ्हाडांची यादीच ती! टिळक मनात आले की न सांगता घरून निघून जात. हातात आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन मोकळे होत आणि घरी पीठ नसे. राग आला की आकाशपाताळ एक करीत, आणि उतरला की मुलासारखे रडत. बायकोला लिहावयास-वाचावयास शिकविण्याचा त्यांनी चंग बांधला, पण गुरुजींना धीर नव्हता. पुस्तक भिरकावले गेल्यावर शाळा सुटे. जोडाक्षरांशी लक्ष्मीबाईंचे कायमचे वैर राहिले. त्यातच पोटची मुले दगावली.

आता मुख्य गोष्ट. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला राहून टिळक संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. उतरण्यापूर्वी त्यांनी नव्या कराराची प्रत हाती दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून ते चालते झाले. त्यांचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. भाकीत हास्यास्पद वाटले, तरी दिलेला शब्द पाळावा म्हणून टिळकांनी पुस्तक उघडले. डोंगरावरील प्रवचनाशी ते जे थबकले ते तिथून हललेच नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे धर्मांतराच्या गोष्टी लिहिणारे बहुतेक लेखक लेखणी खाली ठेवतात. जणू काही त्या दिवशी आनंदाचा पाट वाहू लागला. खरा प्रकार उलट आहे. त्या दिवशी दुःखाला आरंभ झाला. टिळकांनी जाणूनबुजून सर्व नाती गमावली. पण लक्ष्मीबाईंची तर कोणी संमतीही विचारली नव्हती. नवरा जिवंत असून नाही, कपाळी कुंकू असून लोकांच्या डोळ्यांत कीव, आणि कडेला दत्तू नावाचा लहान मुलगा. पंढरपूरला बहिणीच्या घरी त्यांनी दिवस काढले. वेड लागते की काय अशी पाळी आली. त्या काळातल्या पुनर्विवाहाच्या चळवळीला विधवेचे दुःख दिसत होते. या बाईच्या दुःखाला मात्र नावसुद्धा नव्हते.

मला विचाराल तर टिळकांच्या चरित्रातला हा भाग त्यांच्या भक्तांनी फार हलक्या हाताने लिहिला आहे. सत्य सापडले म्हणून पत्नीला असे वाऱ्यावर सोडणे कितपत योग्य, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला पडावा. टिळक मात्र पत्रे पाठवीत राहिले, वाट पाहत राहिले, दुसरा संसार त्यांनी थाटला नाही. चार-साडेचार वर्षे अशी गेली. अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या. आधी वेगळे बिऱ्हाड केले, मग एका छपराखाली पण वेगळी चूल मांडली. पाणी आपले आपण भरावयाचे, स्वयंपाक आपला आपण करावयाचा, आणि नवऱ्याच्या स्पर्शाचेही चालावयाचे नाही! घरात येणारेजाणारे सर्व जातींचे. जलालपूरचे सोवळे आता लेकीच्या चुलीशी येऊन बसले होते.

ते सुटले कसे? कोणा पाद्र्याच्या व्याख्यानाने नव्हे. लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करीत राहिल्या. देवाने माणसे केली, पशू केले, त्यांच्यातला फरक डोळ्यांना दिसतो. मग ब्राह्मण आणि महार यांतला फरक दिसत का नाही? ज्या अर्थी दिसत नाही त्या अर्थी तो माणसाने केलेला. इतका साधा हिशेब. तो सुटला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरविले. मनावरचे ओझे उतरल्यासारखे झाले. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा. त्यांच्या सुखाची सुरुवात मी त्या पाण्यापासून धरतो.

ही वर्षे कशी होती ते ध्यानात घ्यावे. १८९६ पासून प्लेग मुंबईत आणि पुढे देशावर पसरलेला. पाठोपाठ १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ. नगर जिल्ह्यात मिशनच्या आश्रयाला अनाथ मुलांची रीघ लागली. टिळकांच्या घरात आधीच दाणा पुरा नाही, त्यात परक्यांची मुले येऊन राहू लागली. ती सांभाळली लक्ष्मीबाईंनी, आणि त्यांत बहुतेक मुले अशा जातींची, ज्यांची सावली त्यांच्या वडिलांना चालत नव्हती. गंमत अशी, की पुस्तकातला सर्वांत मोकळा विनोद इथूनच पुढे सापडतो.

दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांना भाकरीसाठी बाटलेले म्हणून हिणविण्याची आपल्याकडे रीत होती. त्यात तथ्य मुळीच नव्हते असे कोण म्हणेल? भुकेल्याला भाकरीचा धर्म आधी कळतो. पण हाच आरोप पंडिता रमाबाईंवरही जेव्हा अप्रत्यक्षपणे होतो, तेव्हा इतिहास उघडून दाखवावा लागतो. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत उपासमारीने गेली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर ही मुलगी चार हजार मैलांवर पायी हिंडली. अन्न नव्हते तेव्हा तिने धर्म सोडला नाही. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होण्याच्या आत १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. बाप्तिस्मा घेतला तो १८८३ मध्ये, इंग्लंडात, वाँटेजला, आणि त्यामुळे इकडचा मान, मित्र व आधार घालवूनच घेतला.

त्यांची एक कबुली मला फार मोलाची वाटते. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय आहे. मनाला खरा आनंद झाला तो सुमारे आठ वर्षांनी. त्या वेळी त्यांचे शारदासदन मुंबईहून पुण्याला आले होते, आणि १८९३ मध्ये त्यावरून ‘केसरी’त जे रण पेटले त्याची धग पुढेच होती. म्हणजे निवांतपणा मिळाल्यावर आनंद आला असे नव्हे. पुढे मध्यप्रांतातला दुष्काळ पडला, तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभे राहिले. जिच्या घरचे दुष्काळात गेले तिने दुष्काळातल्या मुली वेचाव्यात! तिथे शेती, माग आणि छापखाना मुलीच चालवीत. अंध मुलींना ब्रेल शिकविली जाई. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचे काम चालूच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

रमाबाईंचा आनंद गंभीर, ध्यानस्थ. टिळकांचा वेगळा, तो टाळमृदंगाचा. आपण ख्रिस्ताच्या चरणी तुकारामाच्या पुलावरून आलो असे ते म्हणत, आणि ते शब्दशः खरे होते. परदेशी चालींवर बसविलेली मराठी गीते त्यांच्या कानाला खुपत. त्यांनी ओव्या, अभंग, पदे, भजने शेकड्यांनी रचली, कीर्तने केली. मराठी ख्रिस्ती माणूस आज प्रार्थनेला उभा राहतो तो पुष्कळ अंशी टिळकांच्या शब्दांत. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे ते १९१२ पासून संपादक होते. नगरच्या घरात बालकवी ठोमरे मुलासारखे राहून गेले. परंतु पायाला भिंगरी ती भिंगरीच. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही सारखीच जागा होती. मिशनच्या मंडळींना ते कितीसे रुचले असेल! ९ मे १९१९ रोजी मुंबईला त्यांचे देहावसान झाले.

लक्ष्मीबाई मागे सतरा वर्षे राहिल्या. मुलाच्या बिऱ्हाडाबरोबर कराचीला गेल्या, परत नाशिकला आल्या. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून देवदत्तांनी, म्हणजे त्याच दत्तूने, आईला आठवणी सांगावयास लावले, आणि त्या आठवणींचेच पुस्तक झाले. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. नवऱ्याचा एकही दोष त्यात झाकलेला नाही. भिरकावलेली पुस्तके आहेत, रिकामे डबे आहेत, पंढरपूरच्या रात्री आहेत. तक्रार मात्र कुठे सापडत नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या.

आणखी एक काम त्यांनी केले होते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले आणि थोडेसे लिहून सोडून दिले. बिऱ्हाडे सोडण्याची सवयच ती. जोडाक्षरांशी वैर असलेल्या त्यांच्या बायकोने पुढे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले. आत्याला हे मी वाचून दाखविले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चौसष्ट? आणि तो पुस्तकं फेकून मारायचा!” आणि नेहमीसारखी हसू लागली.