इन्शुलिनपूर्वीचे पथ्य

मधुमेह्याने पिष्टमय पदार्थ कमी करून स्निग्ध पदार्थ वाढवावेत, हा सल्ला आपल्याला वाटतो तितका नवा नाही. ब्रिटिश तोफखान्यातील शल्यचिकित्सक जॉन रोलो यांनी कॅप्टन मेरेडिथ या प्रौढ, पूर्वी स्थूल असलेल्या रुग्णाला मुख्यतः मांस व चरबीवर ठेवले. त्याच्या लघवीतील साखर नाहीशी झाली. १७९७ साली रोलोंनी ही हकिगत प्रसिद्ध केली.

पिष्टाच्या पचनातून ग्लुकोज बनते. पिष्ट कमी, तर रक्तात येणारी साखरही कमी. मेरेडिथच्या शरीरात थोडेफार इन्शुलिन बनत असावे, म्हणून एवढे पुरले. मुलांना सहसा होणाऱ्या मधुमेहात मात्र ते जवळजवळ बनतच नाही. मग शरीर चरबी जाळते, कीटोन साठतात, रक्ताची आम्लता वाढते. कडक पथ्याने अशा मुलांचा मृत्यू फक्त लांबत असे. टोरांटोतील चौदा वर्षांचा लेनर्ड थॉम्पसन असाच खंगला होता. जानेवारी १९२२ मध्ये त्याला इन्शुलिन मिळाले आणि तो आणखी तेरा वर्षे जगला.

प्रौढांच्या मधुमेहात हे पथ्य आजही उपयोगी ठरू शकते. पण इन्शुलिन घेणाऱ्याने आपल्या मनाने पिष्ट तोडले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. डोस डॉक्टरांनीच बदलायचा असतो. वर्गात रोलोंची गोष्ट सांगताना आपण लेनर्डचीही सांगू या.