पेंटरमधलं टिंब

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय.

गेल्या महिन्यात गावच्या वाचनालयाला दादाच्या नावानं पुस्तकांचं एक कपाट दिलं, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. कपाटाच्या काचेवर त्याचं नाव हवं होतं, म्हणून पुतण्याच्या दुकानात गेलो. दुकानावर 'रेडियम आर्ट' अशी पाटी असली तरी आत रेडियम औषधालाही नाही. असतात ते व्हिनाइलचे चिकट रंगीत रोल आणि ते कापणारा प्लॉटर. दादानं रंगवलेल्या एका जुन्या पाटीचा फोटो घेऊन पुतण्यानं त्याचीच अक्षरं संगणकावर गिरवली होती. यंत्रानं ती भराभर कापली. मग नको तेवढं व्हिनाइल सोलायला घेतलं आणि 'पेंटर'मधलं टिंब कचऱ्याबरोबर निघून आलं.

मी नुसता बघत राहिलो. का, ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, मास्तरची खोड!

कापून अक्षर काढायचं म्हटलं की एक जुनी अडचण येते. दादा दुधाच्या कॅनवर आणि धान्याच्या पोत्यांवर नावं टाकायला पत्र्याचे छाप कापायचा. 'व' कापला की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवायला मधे एक बारीक पट्टी सोडावी लागते, म्हणून छापाची अक्षरं तुटक दिसतात. जपानमधल्या इसे भागातल्या कारागिरांनी कापड छापण्याचे कागदी छाप करताना यावर उपाय शोधला होता. कागदाचे दोन थर घेऊन त्यांच्यामध्ये रेशमाचे धागे घालायचे, म्हणजे सुटे तुकडे जाळ्यात धरल्यासारखे जागेवर राहतात. या छापांना तिकडे कातागामी म्हणतात. पुढे १९०७ साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल सायमननं ताणलेल्या रेशमी कापडातून छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आपण जिला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतो, तीही त्याच जाळीवर उभी आहे.

तिसरा उपाय चिकट कागदाचा. १९३५ साली लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन्टन एव्हरी नावाच्या तरुणानं मागे सोलायचा कागद असलेली लेबलं करायला सुरुवात केली. धुलाई यंत्राची मोटर, शिवणयंत्राचे भाग आणि एक करवत एवढ्यावर त्यानं यंत्र जुळवलं. भांडवलाचे शंभर डॉलर दिले ते त्याच्या वाग्दत्त वधूनं, डोरोथी डर्फीनं. ती शाळामास्तरीण होती! (आमच्या जमातीचा हातभार कुठेकुठे लागलाय बघा.) यातली खरी करामत अशी की पातं वरचा थर कापतं, पण खालचा कागद कापत नाही. त्यामुळे 'व'च्या पोटातलं आपल्या जागी राहतं, ते काढायचं की ठेवायचं हे आपण ठरवायचं. पट्टी नको आणि धागेही नकोत.

या कामाला संगणक जोडला जोसेफ गर्बर यांनी. १९२४ साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेत पोचला. इंजिनिअरिंग शिकत असताना आलेखावरची मापं पटकन घेता यावीत म्हणून त्यानं पायजम्याची नाडी, म्हणजे इलॅस्टिक काढून ताणता येणारी मोजपट्टी केली. पुढे त्यांच्या कंपनीनं १९६० च्या दशकाच्या अखेरीस तयार कपड्यांचं कापड कापणारं संगणकी यंत्र आणलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिनाइलची अक्षरं कापणारं. पाट्या रंगवणाऱ्या हातांची सद्दी संपायला तिथून सुरुवात झाली.

आमच्याकडे ती लाट यायला १९९८ उजाडलं. शाळेचा सुवर्णमहोत्सव होता आणि पाटीचं काम माझ्याकडे होतं. शाळेची जुनी पाटी दादानंच रंगवलेली. समितीतल्यांना 'कॉम्प्युटरची अक्षरं' हवी होती. मी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर मलाही ती हवीच होती. तालुक्याच्या एका दुकानातून पाटी करून आणली. दादा समारंभाला आला, पाटीकडे बघितलं आणि पेढा घेऊन घरी गेला.

दुसऱ्या पावसाळ्यात 'विद्यामंदिर'चं 'विद्यामदिर' झालं. पोरं हसायची. मी दुकानदाराला दोनदा निरोप पाठवला, कोणी आलं नाही. एका सोमवारी शाळेत गेलो तर टिंब जागेवर! शिपाई म्हणाला, "काल पेंटर शिडी घेऊन आले होते." व्हिनाइलच्या निळ्याशी निळा रंग असा मिळवला होता की जवळ गेल्याशिवाय कळू नये.

टिंब का पडलं, ते मला आत्ता, पुतण्याच्या दुकानात कळलं. साधं व्हिनाइल पाऊण-दशांश मिलिमीटर जाडीचं, त्यामुळे पातं त्याहून नखभरही जास्त बाहेर नको. दाब जास्त झाला की खालचा कागदही कापला जातो, त्याचे तंतू तुकड्याबरोबर येतात आणि कडा नीट चिकटत नाहीत. मोठं अक्षर ते निभावून नेतं. टिंबाला मुळात जागाच केवढी! उलट दाब कमी पडला तर ते शेजारच्या कचऱ्याला धरून उठतं. पुतण्याचं तेच झालं होतं, कारण पातं बोथट होतं.

त्यानं पातं बदललं. बारीक कामासाठी पंचेचाळीसऐवजी साठ अंशांचं घातलं. ढकलगाडीच्या पुढच्या चाकासारखं हे पातं वळतं, त्याचं टोक मधोमध नसून जरा मागे असतं. ते अंतर यंत्राला बरोबर सांगितलं नाही तर कोपरे गोल होतात आणि टिंबाची रेघ जिथे सुरू झाली तिथे येऊन मिळत नाही. मग वेग निम्म्यावर आणला, दाब अगदी खाली नेला आणि चौकोनात गोल अशी चाचणी कापत कापत थोडा थोडा वाढवला. चौकोन अलगद निघाला, गोल जागेवर राहिला आणि खालच्या कागदावर नुसती पुसट रेघ उमटली की तिथे थांबायचं. देवनागरीची आणखी एक गंमत. प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं. सगळी आधी एकसंध केली नाहीत तर यंत्र प्रत्येक सांध्यावर रेघ कापतं.

मग सोलणं. याला इंग्रजीत वीडिंग म्हणतात, म्हणजे आपली खुरपणीच. व्हिनाइल सरळ वर न ओढता पाठीवर दुमडून सावकाश न्यायचं, आणि टिंबापाशी आलं की सुईच्या टोकानं ते दाबून धरायचं. हे काम मी केलं. चष्मा दोनदा पुसावा लागला.

शाळेची ती पाटी २००९ मध्ये निघाली, तिथे फ्लेक्स आला. दादानं रंगवलेलं टिंबही तिच्याबरोबर गेलं. त्याबद्दल मी दादाला कधी काही बोललो नाही, आणि त्यानंही विषय काढला नाही. 'पाटी तूच कर' एवढं म्हणायला मला किती लागलं असतं? २०१९ मध्ये दादा गेला.

असो. काचेवर 'पेंटर'मधलं टिंब आता नीट बसलंय. गावी गेलात तर वाचनालयात डोकावून या.